उतारवयाचा जमाखर्च: अमेरिका, जर्मनी आणि भंडारा

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगाव दंडार आणि नाटके रंगतात, बाहेरगावी गेलेली मुले घरी येतात आणि माझ्या दवाखान्यातील गर्दीचे रूपही थोडे पालटते. एरवी एकटे येणारे वृद्ध या दिवसांत मुलांच्या सोबतीने येतात. मुलांच्या हाती वडिलांच्या तपासण्यांची फाईल असते आणि मनात एक प्रश्न असतो, जो ती वडिलांसमोर विचारीत नाहीत.

यंदा असेच एक कुटुंब आले. वडील निवृत्त शिक्षक, वय ७८; मधुमेह बावीस वर्षांचा आणि हृदयात एक स्टेंट. आई ७४ वर्षांची. गेल्या दीड वर्षापासून विस्मरण वाढत चाललेले. थोरला मुलगा अमेरिकेत डॅलसला, धाकटा जर्मनीत स्टुटगार्टला. मुलगी मात्र भंडाऱ्यातच, आईवडिलांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आईबाबांना आता येथे एकटे ठेवायचे नाही, हे दोघा भावांनी मनाशी पक्के केले होते. वाद एवढाच होता, की कोणाकडे न्यायचे. थोरला म्हणे, अमेरिकेत पगार मोठा, घरही मोठे. धाकटा म्हणे, युरोपात औषधपाणी जवळजवळ फुकट. दूध, भाडे, वीज, किराणा यांचे आकडे दोघांनी मोबाइलवर मांडून आणले होते. गुरुजी मुकाट्याने ऐकत होते. शेवटी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे सगळं खरं. पण तिकडं आजारी पडलो तं कसं जी?"

हा प्रश्न मला लागला, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझे एक जुने रुग्ण मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला निघाले होते. मी त्यांची तपासणी केली, औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून दिली, विमानात दर तासाला उठून चार पावले चालावे असे सांगितले आणि निरोप दिला. त्यांनी प्रवास विमा घेतला होता. तो आपल्या जुन्या हृदयविकाराला लागू आहे का, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही वाचले नाही. दुसऱ्याच महिन्यात छातीत दुखून त्यांना रुग्णालयात भरती करावे लागले. विमा कंपनीने आजार जुना असल्याचे कारण देऊन दावा नाकारला. मुलाने ते बिल हप्त्याहप्त्याने फेडले. परत आल्यावर ते मला म्हणाले, "जीव वाचला, पण पोराच्या डोक्यावर बसून वाचला." त्या दिवसापासून परदेशी निघालेल्या कोणत्याही वृद्धाला मी विम्याचे कागद आणल्याशिवाय प्रवासयोग्यतेचा दाखला देत नाही.

म्हणून या कुटुंबासमोर मी दूधभाज्यांचे आकडे बाजूला ठेवले आणि कोऱ्या कागदावर दोनच प्रश्न लिहिले. आजारी पडल्यावर रुग्णालयाचे पैसे कोण भरणार? आणि हातपाय थकल्यावर आंघोळ, जेवण, शौच यांसाठी जी माणसे लागतील, त्यांचे पैसे कोण भरणार? सत्तरीनंतर घरखर्चाचा तराजू ज्या नोंदींनी एकदम झुकतो, त्या याच दोन. देशादेशांची तुलना करायची तर ती येथेच करावी.

अमेरिका

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना १९६५ साली कायद्याने आली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने भारतीयांना त्या देशाची दारे मोकळी झाली आणि पुढे अनेक मराठी डॉक्टर, अभियंते तेथे स्थायिक झाले. ती पिढी आज स्वतःच वार्धक्यात आहे. ज्याने तेथे दहा वर्षे नोकरी करून कर भरला, त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग हप्त्याविना मिळतो. डॉक्टरांच्या फीसाठीच्या भागाचा हप्ता २०२५ साली सर्वसाधारणपणे दरमहा १८५ डॉलर होता. त्याच वर्षी रुग्णालयात भरती झाल्यास प्रथम १,६७६ डॉलर स्वतःच्या खिशातून भरावे लागत, मग विमा सुरू होई. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर ही रक्कम सुमारे १ लाख ४२ हजार रुपये होते.

येथून नेलेल्या आईवडिलांचे गणित निराळे आहे. मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल, तर तो आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकतो. परंतु मुलाने भरलेल्या कराची वर्षे आईवडिलांच्या नावे धरली जात नाहीत. त्यांनी सलग पाच वर्षे तेथे वास्तव्य केल्यावरच मेडिकेअर विकत घेता येते. २०२५ च्या दराने रुग्णालयाच्या भागाचे ५१८ आणि डॉक्टरांच्या भागाचे १८५ असे माणशी दरमहा ७०३ डॉलर होतात. म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला जवळजवळ १ लाख २० हजार रुपये, आणि तेही आजारी न पडता. पहिली पाच वर्षे खासगी विम्यावर काढायची, ती वेगळीच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक कठीण आहे. मेडिकेअर शस्त्रक्रियेचा खर्च देते. परंतु विस्मरण झालेल्या आईला रोज न्हाऊ घालणाऱ्या बाईचा खर्च देत नाही. रुग्णालयातून निघाल्यावर उपचारांसाठी शुश्रूषागृहात फार तर १०० दिवस मदत मिळते, त्यातही पूर्ण खर्च पहिल्या २० दिवसांचाच. त्यापुढे स्वतःचे पैसे. तेथील शुश्रूषागृहातील स्वतंत्र खोलीचा वार्षिक खर्च आज एक लाख डॉलरच्या वर गेला आहे. गरिबांसाठीची सरकारी योजना आहे. पण तिच्यात शिरण्यासाठी आपली बहुतेक पुंजी आधी संपवावी लागते. आयुष्यभर उत्तम कमावलेल्या मराठी कुटुंबांनाही तेथे म्हातारपणाची धास्ती वाटते, ती याच कारणाने.

जर्मनी आणि ब्रिटन

धाकट्याचे म्हणणे निम्मे खरे होते. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्यातील माणसाला रुग्णालयाचे दिवसाला १० युरो, तेही वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवसांचे, भरावे लागतात. चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे ५ ते १० युरो. या सर्वांची मिळून वर्षाची मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २ टक्के, आणि दीर्घ आजार असेल तर १ टक्का. आजाराने घर विकावे लागण्याची वेळ तेथे सहसा येत नाही.

पण हे फुकट नव्हे. तेथील निवृत्तालाही पेन्शनमधून आरोग्य आणि शुश्रूषा या दोन विम्यांसाठी साधारण १२ टक्के रक्कम कापू द्यावी लागते. नोकरीच्या चाळीस वर्षांत कापली गेली ती वेगळी. अमेरिकन माणूस तरुणपणी हाती अधिक पैसा घेतो आणि म्हातारपणी बिलाची वाट पाहत बसतो. जर्मन माणूस तरुणपणी कमी घेतो आणि बिलाचा मोठा भाग आधीच भरून ठेवतो. दोन खंडांतील अंतराचे मर्म किराण्याच्या भावापेक्षा येथे आहे.

शुश्रूषेसाठीचा स्वतंत्र सक्तीचा विमा जर्मनीने १९९५ साली सुरू केला. त्यातून वृद्धाश्रमाचा सर्व खर्च भागत नाही; आजही तेथील रहिवाशाला सुरुवातीच्या वर्षी दरमहा सुमारे ३,००० युरो स्वतः भरावे लागतात. परंतु या विम्यातील एक तरतूद आपल्या वाचकांनी जाणून घेण्याजोगी आहे. वृद्धाची काळजी घरचेच माणूस घेत असेल, तर परावलंबनाच्या पायरीनुसार दरमहा ठरावीक रक्कम मिळते. २०२५ साली ती दुसऱ्या पायरीला ३४७ युरो आणि पाचव्या पायरीला ९९० युरो होती. एवढेच नव्हे, तर काळजी घेणाऱ्याला विश्रांती मिळावी म्हणून त्याच्या जागी येणाऱ्या बदली माणसाचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत हा विमा देतो.

ब्रिटनमध्येही अनेक मराठी कुटुंबे आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. तेथील रहिवाशांना सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर आणि रुग्णालय यांचे बिल येत नाही आणि इंग्लंडमध्ये साठीनंतर औषधेही विनामूल्य मिळतात. मात्र रोजच्या शुश्रूषेचा प्रश्न आला, की इंग्लंडमध्येही ज्याच्याकडे २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता आहे, त्याला सर्वसाधारणपणे स्वतःच खर्च करावा लागतो. डॉक्टर फुकट, हात विकत, अशी तेथील व्यवस्था.

मग आईवडिलांना युरोपात न्यावे काय? ब्रिटनमध्ये वृद्ध आईवडिलांना कायमचे बोलावण्याचे नियम इतके कडक आहेत, की बहुतेकांना ते शक्यच होत नाही. जर्मनीने मार्च २०२४ पासून नव्याने परवाना मिळणाऱ्या कुशल कामगारांना आईवडील आणण्याची वाट थोडी मोकळी केली. पण त्यासाठी आईवडिलांचा आरोग्य विमा दाखवावा लागतो आणि वयाच्या ५५ नंतर तेथील सरकारी विम्यात प्रथमच शिरणे जवळजवळ अशक्य. खासगी कंपनी स्टेंट बसविलेल्या ७८ वर्षांच्या मधुमेहीला कोणत्या दराने विमा देईल, हे सांगायला नको. धाकटा खाली पाहत म्हणाला, "म्हणजे मी म्हातारा झालो तर मला सगळं मिळेल, आणि बाबांना काहीच नाही." ते तसेच होते. त्या व्यवस्था ज्यांनी त्यांत आयुष्यभर भरणा केला त्यांच्यासाठी उभारल्या आहेत. आपल्या आईवडिलांनी घाम गाळला तो येथे.

आणि भंडारा

मग मी कागदावर तिसरा रकाना आखला आणि वर 'भंडारा' लिहिले. भावांना हसू आले. तरी तो भरू लागलो, तसे ते गंभीर झाले.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येक भारतीयाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार विनामूल्य मिळू शकतात. जुना आजार म्हणून नकार नाही, प्रतीक्षेचा काळ नाही. पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते. गुरुजींनी हे कार्ड काढलेच नव्हते. "आपल्याले पेन्शन आहे, आपल्याले कशाला देतील," असा त्यांचा समज होता. हा समज मी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. तसेच पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास राज्यात विनामूल्य आहे. गुरुजी महिन्यातून एकदा पवनीला आपल्या बहिणीकडे जातात ते त्यावरच. डॅलसमध्ये मोटार चालविता न येणारा वृद्ध मुलाच्या सुट्टीची वाट पाहतो.

या रकान्यातील उणिवाही मी लिहिल्या. आयुष्मान कार्ड भरती झाल्यावर उपयोगी पडते. रोजच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फी यांना नाही. मोठ्या हृदयविकाराला नागपूर गाठावे लागते, ते ६० किलोमीटर. अशा वेळी त्या अंतराची किंमत पैशांत मोजता येत नाही. गुरुजींना सरकारी पेन्शन आहे. पण याच जिल्ह्यात कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराच्या भविष्य निधीच्या पेन्शनचे किमान २०१४ पासून दरमहा १,००० रुपयांवरच थांबले आहे आणि निराधार वृद्धाला श्रावणबाळ योजनेतून १,५०० रुपये मिळतात. त्या घरी हा कागद फार निराळा दिसेल.

शेवटची ओळ उरली होती: हातांचा खर्च. थोरला म्हणाला, "इथे तो प्रश्न नाही. ताई आहे ना."

ताई दाराजवळच्या खुर्चीवर आईचा हात धरून बसली होती. ती म्हणाली, "मी जूनमध्ये शाळा सोडली, दादा."

भावांना हे ठाऊक नव्हते. आई दुपारी घराबाहेर पडून दोनदा वाट चुकली होती. एकदा वैनगंगेच्या पुलाच्या दिशेने निघालेली ओळखीच्या रिक्षावाल्याला दिसली. तेव्हापासून ताईने खासगी शाळेतील अकरा वर्षांची नोकरी सोडली. तिने कोणाला सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. जर्मनीत ज्या कामाला सरकार दरमहा पैसे मोजते, त्या कामाची या घराच्या हिशोबात नोंदच नव्हती. स्वस्त वाटणाऱ्या तिसऱ्या रकान्याची किंमत कोणीतरी भरीत होते आणि ते दोघा भावांच्या पाठची सख्खी बहीण होती.

धाकट्याने लगेच म्हटले, "ताई, आम्ही दोघं दर महिन्याला तुला पैसे पाठवू." ताई म्हणाली, "पैसे पाठवा. पण मला पगारापेक्षा सुट्टी पाहिजे. मे महिन्यात एक जण, दिवाळीत एक जण, येऊन राहा. आणि दुपारची एक बाई लावून द्या, म्हणजे मी पुन्हा शाळेत विचारून पाहीन."

मीही डॉक्टर म्हणून माझे मत दिले. विस्मरणाचा आजार सुरू झालेल्या व्यक्तीला अनोळखी घरात नेले, की गोंधळ वाढतो. दाराची कडी, न्हाणीघराची वाट, तुळशीवृंदावन, शेजारणीचा आवाज यांच्या आधाराने अशी माणसे चालतात. तो आधार काढून घेतला, तर जे अजून जमते तेही जमेनासे होते. आईने भंडाऱ्यातच राहावे, असे मी स्पष्ट सांगितले. गुरुजींना नातवंडे पाहायची असतील, तर प्रकृती स्थिर असताना एकदा सहा आठवड्यांसाठी जावे. तेही जुन्या आजारांना लागू असलेला विमा मिळाला तरच.

प्रत्येक घराचे उत्तर हेच असेल असे नाही. जोडीदार गेलेला, येथे कोणी नसलेला, प्रकृती बरी असलेला साठीचा माणूस मुलाकडे सुखाने राहू शकतो. मी असे रुग्ण पाहिले आहेत. परंतु निर्णयापूर्वी पुढील गोष्टी सर्वांनी एकत्र बसून कागदावर लिहाव्यात, असा माझा आग्रह आहे.

१. भेटीसाठी जाणाऱ्यांनी विम्याच्या कागदात जुन्या आजारांविषयी काय लिहिले आहे, ते मुलाकडून वाचवून घ्यावे. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाला तशी सक्ती नाही. जेथे बिल सर्वांत मोठे, तेथे विम्याविना जाता येते, हे ध्यानात ठेवावे.

२. ग्रीन कार्ड घेतल्यावर सहा महिन्यांहून अधिक काळ भारतात राहिल्यास परतताना विचारणा होऊ शकते; परवानगीविना वर्षभर राहिल्यास कार्ड धोक्यात येते. दोन्ही घरे चालवू, हा बेत वाटतो तितका सोपा नाही.

३. परदेशात निवृत्त होऊन गावी परतू इच्छिणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की मेडिकेअर भारतातील उपचारांचे पैसे देत नाही. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण दरवर्षीची वाढ लागू होत नाही. जर्मनी आणि भारत यांच्यात २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे. अमेरिकेशी असा करार अद्याप नाही.

४. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांनी आधार कार्ड घेऊन आयुष्मान कार्ड आजच काढून घ्यावे. छातीत दुखू लागल्यावर धावपळ करण्याची ही गोष्ट नव्हे. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतील व्यक्तींना दोन्हींपैकी एकच निवडता येते.

५. रोजच्या औषधांसाठी दरमहा रक्कम वेगळी ठेवावी. जनऔषधी केंद्रातील त्याच घटकाची गोळी चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून बदल करू नये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात. २०२५ मधील ८.२ टक्के दराने त्यावर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज मिळते. सर्वांकडे एवढी पुंजी नसते, पण जेवढी आहे तिचे व्याज औषधांच्या नावे लावावे.

६. काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव, तिचे तास आणि तिची सुट्टी हिशोबात लिहावी. ती सून असो, मुलगी असो वा थकलेली पत्नी. तिची स्वतःची रक्तदाबाची तपासणी शेवटची कधी झाली, हेही विचारावे.

त्या दिवशी जाण्यापूर्वी मी ताईचा रक्तदाब तपासला. तो १६० वर १०० निघाला. सहा महिन्यांत माझ्या दवाखान्यात ती आईला घेऊन नऊ वेळा आली होती आणि मी एकदाही तिच्या दंडाला पट्टा बांधला नव्हता. तिच्या नावाने मी नवे केसपेपर काढले. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "हे बिल मी भरतो, डॉक्टरसाहेब."